एकोजीच्या पिशवीतली वेणी

मित्रांनो, मी एक जुनी खोटी वेणी आहे. तुम्ही मला गंगावन म्हणाल, मद्रासेत मला सवुरी म्हणतात. खोटी म्हटलं तरी माझा केस न् केस खरा, बरं का! देवाला वाहिलेल्या केसांतून मला निवडलं, धुतलं, विणलं आणि टी. नगरच्या एका मोठ्या दुकानात टांगलं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला कुरवाळायची. मी तर फुगूनच गेले होते.

मग १९८८ साली तुळजा आली. सोबत तिचा जुळा भाऊ एकोजी, मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी रणगाडा कारखान्यात शिकाऊ म्हणून नुकताच निवडलेला. दोघं सतरा वर्षांची. नाचाच्या स्पर्धेसाठी तुळजाला लांब वेणी हवी होती. तिनं मला आपल्या आकड्यांनी केसांत गुंफून आरशात पाहिलं, खुदकन हसली, आणि कुणी बघत नाहीसं पाहून मला सोडवून भावाच्या पिशवीत कोंबलं. त्याला पत्ताही नव्हता. दारात रखवालदारानं पिशवी उघडली.

एकोजीनं एकदाच बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी घेतली."

पोलीस ठाण्यात मी टेबलावर, मुद्देमाल म्हणून! वडील, राममूर्ती, धावत आले. तुळजानं त्यांच्या कानात खरं सांगितलं, तर त्यांनी तिचा हात घट्ट दाबला. "गप बैस गे. पोरीचं नाव गेलं की गेलं. तो पोरगा, निभावेल."

इन्स्पेक्टरांनी वय विचारलं आणि मान हलवली. मुलगा सोळाच्या पुढे गेला की कायद्याला मोठा, ते म्हणाले. चोरीचा खटला मोठ्यांच्या कोर्टात, प्रसंगी तुरुंग. आणि आवडीच्या कारखान्याचं म्हणाल तर तिथं घेण्याआधी पोलिसांकडे चौकशी होतेच. "तुमची ही मुलगी असती, तर अठरापर्यंत लहान. मुलांचं कोर्ट, आणि पुढे नोकरीला डाग नाही."

राममूर्तींचा हात सैल पडला. पण 'बोल' असं ते म्हणाले नाहीत. एकोजीही नाही. माझा तर पीळ न् पीळ आवळला!

"सार, मी घेतली," तुळजा म्हणाली.

"आता? सवलत ऐकल्यावर?"

"आधीच बोलायला हवं होतं. भ्याले."

तिनं केसांतला आकडा काढून माझ्याजवळ ठेवला. त्याचा जोडीदार अजून माझ्या गाठीत अडकलेला होता.

एकोजी सुटला. तुळजा मुलांच्या कोर्टात उभी राहिली. ताकीद देऊन तिला वडिलांच्या हवाली केलं. स्पर्धा केव्हाच होऊन गेली होती. मी मुद्देमालाची चिठ्ठी बांधून ठाण्याच्याच कपाटात पडले, मला कुणी कधी माळलंच नाही.

माझं जाऊ द्या. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. तुमच्या शेजारी विश्वासानं पिशवी धरून जो उभा असतो ना, त्याला जपा.