दुसऱ्याचं पात्र मारायचं असेल तर

मंगळवारी सकाळी अकराला संपादक बाई आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात कापडी पिशवी होती, दुसऱ्या हातात फाइल. पिशवीत अकरा पुस्तकं होती. फाइलमध्ये एक छापील परवानगीपत्र होतं. त्यावर नऊ ओळी होत्या आणि आठ सह्या झालेल्या होत्या.

"भाऊजी, नववी तुमची," त्या म्हणाल्या.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तो टेबलावर मिक्सर उघडून बसला होता. मिक्सरला काहीही झालेलं नव्हतं. गेल्या चौदा महिन्यांत त्याने घरातलं प्रत्येक यंत्र एकदा उघडून पुन्हा बंद केलं होतं. मिक्सरची ही तिसरी खेप.

"कसली सही?"

"तिच्या ऑपरेटरबद्दल. बसू का?"

बाई त्याच्या बायकोच्या जुन्या मैत्रीण. दोघींनी आणि आणखी सात जणांनी मिळून बारा वर्षांपूर्वी 'तळ' नावाचे कथासंग्रह काढायला सुरुवात केली होती. वर्षाला एक संग्रह, नऊ लेखक, नऊ कथा. पण गाव एकच. त्या गावाच्या चौकात एक विहीर, तिचा तळ कुणाला लागलेला नाही, आणि तळाच्याही खाली काहीतरी आहे. त्याला लेखक नुसतं 'खालचं' म्हणत. एकाने आपल्या कथेत गावात गल्ली काढली की पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्या गल्लीत घर बांधायचं, तिसऱ्याने त्या घरात भाडेकरू ठेवायचा. गोंधळ होऊ नये म्हणून चार नियम केले होते आणि ते दर संग्रहाच्या पहिल्या पानावर छापत असत. खालचं कधीही दिसू नये. खालच्याला माणसांशी काही देणंघेणं नाही: राग नाही, लोभही नाही. एकाने बांधलेलं दुसऱ्याने पाडू नये. आणि दुसऱ्याचं पात्र मारायचं असेल तर त्याची लेखी परवानगी घ्यावी.

चौथा नियम त्याच्या बायकोने घातला होता. हे बाईंच्या तोंडून त्याला आत्ता कळत होतं.

"बारावा संग्रह शेवटचा," बाई म्हणाल्या. "आता वाचणारे थोडे आणि लिहिणारे थकलेले. मग ठरवलं, अर्धवट सोडण्यापेक्षा नीट संपवू. शेवटच्या कथेत गाव खाली जातं. सगळं. म्हणून सगळ्यांच्या सह्या. तिच्या पात्राचा, त्या ऑपरेटरचा, हक्क ती गेल्यावर तुमच्याकडे आला. सोमवारी छपाई आहे, मला शुक्रवारपर्यंत द्या."

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"तिला राहू द्या."

"अहो, गावच राहणार नाही. ती एकटी कुठे राहणार?"

"ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही आहात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "भाऊजी, खरं सांगा. तुम्ही यातलं एक तरी पुस्तक वाचलंय?"

त्याने मिक्सरचा एक स्क्रू उचलला, परत ठेवला. "भुताच्या गोष्टी मला झेपत नाहीत."

"ती काय म्हणायची माहितीय? भुताला निदान आपण हवे असतो." त्या उठल्या. "पिशवी ठेवून जाते. हस्तलिखितही फाइलमध्ये आहे. शुक्रवारी येईन. आणि तो मिक्सर बंद करा आता, त्याला थंडी वाजेल."

तो तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात लिफ्ट मेकॅनिक होता. कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी यायचा, दुपारी तीनपर्यंत झोपायचा. निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली होती, तरी ती असेपर्यंत सकाळी आठला डोळे मिटायचे. बायको चौदा महिन्यांपूर्वी त्याच रुग्णालयात वारली, चौथ्या मजल्यावर, दुपारी बारा चाळीसला. आदली रात्रभर तो तिच्याजवळ होता. सकाळी नर्स म्हणाली, घरी जाऊन थोडं पडा. फोन सवयीने उशीखाली होता. दोनदा वाजला होता, असं नंतर फोनवरच दिसलं.

बुधवारी त्याने पहिला संग्रह उघडला. हातात पेन्सिल घेतली, कारण कामाचं काहीही तो पेन्सिलीशिवाय वाचत नसे. गोष्टी त्याच्या समजुतीइतक्या कठीण नव्हत्या. कुणी किंचाळत नव्हतं. एका कथेत गावाचा मोजणीदार चौकाचं माप घेतो आणि ते दर वेळी थोडं कमी भरतं. शेवटी तो हिशेबाची वही मिटतो आणि जेवायला जातो. एकीत शाळेतली सगळी मुलं एकाच दिवशी विहिरीकडे पाठ करून बसायला लागतात आणि बाई फळ्याची जागा बदलते. खालचं कुणाचं काही बिघडवत नव्हतं. ते फक्त कूस बदलायचं आणि वर एखादी गल्ली नाहीशी व्हायची.

ऑपरेटर पहिल्याच संग्रहात होती. गावाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, वरच्या मजल्यावर, हेडफोन लावून बसलेली. त्याच्या बायकोने तिला नाव दिलं नव्हतं. ऑपरेटरचं वाक्य ठरलेलं: "बोला, कुठला नंबर?" ते इतर आठही जणांना सोयीचं पडलं असावं. कुणालाही कुणाशी बोलायचं झालं की कथेत ऑपरेटर यायची, जोडून द्यायची, निघून जायची. त्याने समासात खुणा केल्या. गुरुवारी दुपारपर्यंत, नववं सोडून, दहा पुस्तकांत सत्तेचाळीस खुणा झाल्या. मोजणीदाराचा, शाळेतल्या बाईचा, विहिरीवरच्या पहारेकऱ्याचा, सगळ्यांचे फोन तिने जोडले होते. तिला स्वतःला एकही आला नव्हता.

त्याने पुन्हा मोजलं. सत्तेचाळीसच.

तेवढ्यात थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला. त्याच्या अडुसष्टाव्या वर्षीही ती त्याला छोट्याच म्हणायची.

"काय रे छोट्या, आवाज असा का? जेवलास का?"

"वाचतोय."

"कोण, तू? डॉक्टरला दाखवलंस का?"

"अक्का, मी कामावरून हिला फोन करायचो का गं कधी?"

"करायचास की. उशीर होईल म्हणून सांगायला."

"आणखी?"

"आणखी मला काय ठाऊक! मी काय तारेवर बसले होते?" मग तिचा आवाज उतरला. "जेवून घे रे. पुस्तकं कुठे पळत नाहीत."

तो जेवला नाही. नववा संग्रह उरला होता, आणि त्यात बायकोची सगळ्यात मोठी कथा होती. त्या कथेत ऑपरेटरला नवरा होता. विहिरीच्या पंपावर रात्रपाळी करणारा, दिवसा एक्स्चेंजच्या खालच्या खोलीत झोपणारा. तो जागा झाल्याचं एकही वाक्य कथेत नव्हतं. बोर्डावर गावच्या प्रत्येक नंबराला एक दिवा होता, त्यामुळे घंटेवाचून तिचं काम चाले. फक्त तिच्या स्वतःच्या नंबराला दिवा नव्हता. त्याला घंटाच होती. पंपवाल्याची झोप मोडू नये म्हणून तिने त्या घंटेच्या लोलकाला टॉवेलचा तुकडा बांधला होता. म्हणून तिला कधी कुणी फोन केला की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

पुढे काही घडत नव्हतं. खालचं कूस बदलतं, दोन गल्ल्या जातात, दिवे लागतात, ती नंबर जोडत राहते.

त्याने पुस्तक उलटं ठेवलं आणि आतल्या खोलीत गेला. तिचा टाइपरायटर खिडकीशी होता, झाकण घातलेला. त्याच्याखाली चार घड्या केलेला जुना हिरवा टॉवेल होता. तो तिथे आहे हे त्याला माहीत होतं. टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून असेल, असं त्याने धरलं होतं. तसं कधी विचारलं मात्र नव्हतं.

मग तो बाहेर येऊन फाइलमधली शेवटची कथा वाचायला बसला. ती बाईंनी लिहिली होती आणि चांगली लिहिली होती, एवढं त्यालाही कळलं. गाव खाली जाऊ लागतं. एकदम नाही, सावकाश, एका पातळीत, लिफ्ट जाते तसं. सगळे फोन करतात, ऑपरेटर एकेकाला जोडून देते. बोर्डावरचे दिवे विझत जातात. शेवटचा दिवा विझल्यावर ती हेडफोन न काढता बसून राहते. त्यानंतर एक्स्चेंज तळाला जायला साडेतीन पानं लागतात. त्या साडेतीन पानांत दुसरं कुणी नाही.

लिफ्ट अडकली की आत कुणी आहे का ते आधी बघतात, बिघाड नंतर. मेकॅनिकने दाराला तोंड लावून पहिलं वाक्य बोलायचं: घाबरू नका, मी बाहेरच आहे. दोन मिनिटांत काढतो असं म्हणायचं नाही, कारण दोन मिनिटांत होत नाही आणि तिसऱ्या मिनिटाला आतल्या माणसाचा विश्वास उडतो. नुसतं बोलत राहायचं. तो अनोळखी माणसांशी दाराच्या फटीतून तास तास बोलला होता. हवापाणी, मुलाबाळांची शिक्षणं, एकदा एका आजोबांशी चपलांच्या दुकानांबद्दल पाऊण तास. मग माणूस बाहेर आला की रजिस्टरमध्ये वेळ लिहायची, सही करायची आणि सकाळी घरी येऊन झोपायचं.

शुक्रवारी सकाळी नऊला त्याने टाइपरायटर उचलला, खालचा टॉवेल काढला आणि कागद चढवला. पहिलं अक्षर दाबलं आणि दचकला. टेबल, खिडकीची काच, कपाटातल्या बशा, सगळं वाजलं. त्याने पुन्हा एक अक्षर दाबलं. एका बोटाने अर्धं पान व्हायला दीड तास लागला. मध्येच दारावर थाप पडली. शेजारचे मास्तर होते.

"काय दुरुस्त करताय हो?"

"टाइप करतोय."

"तुम्ही?" मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. "चालू द्या. मला वाटलं भिंत पाडताय. वहिनी इतकी वर्षं टाइप करायच्या, कधी हूं की चूं ऐकू आलं नाही."

"हो," तो म्हणाला.

अकराला संपादक बाई आल्या. त्याने त्यांच्या हातात अर्धं पान दिलं. ते त्याला येत होतं त्याच पद्धतीने लिहिलेलं होतं:

*११.१०. पंपवाला उठला. ११.१२. जमीन खाली जाते आहे हे लक्षात आलं. वर जायचा जिना गेलेला आहे. ११.१५. खोलीतल्या फोनवरून बायकोचा नंबर फिरवला. घंटा वाजली की नाही कळत नाही. ११.२०. ती घंटेचा टॉवेल सोडते. घंटा वाजते आहे. ती उचलते.*

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"टॉवेल तिनेच का सोडला?"

"बोर्डावर दिवे नाहीत, काम नाही. माणूस रिकामा बसला की हातासमोरची वस्तू उघडून बघतो." त्याने मिक्सरकडे पाहिलं नाही.

"हे सुरेख आहे. पण भाऊजी, 'तळ'चा सगळा जीवच एका गोष्टीत आहे: कुणी येत नाही. कुणालाच आपण हवे नसतो. बारा वर्षं आम्ही तेच लिहिलं."

"खालचं येणार नाही. कबूल. नियमात आहे." त्याने पहिला संग्रह उघडून पहिलं पान पुढे केलं. "माणसाने येऊ नये असं कुठे लिहिलंय?"

बाईंनी चारही नियम वाचले. ते त्यांनीच छापले होते.

"नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिला वाचवायचं नाही ना? ते जमणार नाही."

"नाही. ते मला समजतं."

"मग परवानगी आहे?"

"एवढं घालणार असाल तर."

बाईंनी पेन काढलं. पानाच्या शेवटी बोट ठेवलं. "तिने उचलला. ती म्हणणार, बोला, कुठला नंबर. इथपर्यंत ठीक. तो काय बोलतो? ते तुम्ही लिहिलंच नाही."

बाईंनी पेन कागदावर टेकवलं.

"लिहा," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी बाहेरच आहे."

त्यांनी लिहिलं. "मग?"

"मग बोलत राहतो."

"काय?"

"काहीही. हवापाणी. चपला. टॉवेल कुठल्या रंगाचा होता. विचारायचं राहिलेलं बरंच असेल."

"कुठपर्यंत?"

"दार उघडेपर्यंत."

"दार उघडणार नाही, भाऊजी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तरी आम्ही बोलणं थांबवत नाही."

बाईंनी मान खाली घालून ते शब्द कागदावर उतरवले. साडेतीन पानं लागतात, त्या पुटपुटल्या, साडेतीन पानं त्याला बोलायला देते. मग परवानगीपत्र त्याच्यापुढे सरकवलं. त्याने नवव्या ओळीवर सही केली. सहीच्या बाजूला घड्याळात बघून लिहिलं: ११.५५.

"वेळ कशाला?" बाईंनी विचारलं.

"लिहावी लागते," तो म्हणाला आणि पेन परत दिलं.