सालहाच्या तीनशे बाटल्या

अताया गावातले म्हातारे सांगतात, आपल्या बेटावर माणूस बुडतो तो विहिरीत, समुद्रात नाही. ते काही खोटं नाही. आमचा समुद्र तो कसला, गुडघाभर पाणी! कोसभर आत चालत गेलं तरी कंबर भिजत नाही. होडीतून पडलेला माणूस आधी शिव्या देतो, मग उभा राहतो आणि मग चपला शोधायला लागतो. खमैसची साठ वर्षं या पाण्यात गेली होती. त्याला वाऱ्याची भीती वाटे, सरकारी माणसांची वाटे, बायकोच्या जिभेची तर फारच वाटे, पण पाण्याची कधी वाटली नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच होतं.

त्याला एकच मुलगा, वजदी. चोवीस वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. आठवडाभर सफाक्स शहरात बांधकामावर सिमेंट कालवायचा आणि शनिवारी फेरीबोटीनं घरी यायचा. आला की अंगणात भिंतीला टेकून फोन बघत बसायचा. फोनमध्ये समुद्र ओलांडून पलीकडे इटलीला गेलेल्या मित्रांचे फोटो असत. कुणी मोटारीला टेकून उभा, कुणी बर्फात. मोटार कुणाची ते फोटोत दिसत नाही. खमैस ते तिरक्या डोळ्यानं बघायचा. पोरगं जाणार, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याला बेटाशी बांधून ठेवायला काहीतरी हवं होतं, आणि खमैसच्या डोक्यानं त्यावर होडी हा उपाय काढला.

खमैसची वडिलोपार्जित माशांची कुंपणं होती, खजुराच्या झावळ्या उथळ पाण्यात रोवून केलेली. त्यातली चांगली मासळी लागणारी सगळी लांबच्या वाळूपट्टीवर. शिडाच्या होडीनं जायला अर्धा दिवस लागे. तोवर मासळी निम्मी मरे आणि भाव सगळाच मरे. मोटरची होडी असेल तर तासाभराचं काम. मग पोराला सफाक्सचं सिमेंट कशाला हवं आणि पलीकडचा बर्फ तरी कशाला?

नवी होडी घ्यायची ऐपत नव्हती. पण बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बागेत फायबरची एक जुनी होडी पडून होती. पूर्वी पाहुण्यांना फिरवायची. हॉटेल बुडाल्यावर माळ्यानं तिच्यात माती भरून लाल जिरेनियम लावले होते. खमैसनं ती फुलांसकट विकत घेतली. गाढवगाडीवरून ती गावात आली तेव्हा कॉफीच्या दुकानातला फरजानी बाहेर येऊन ओरडला, "काका, लग्न कुणाचं आहे? नवरी तर नटूनच आलीय!"

"तुझ्या म्हशीचं," खमैस म्हणाला.

फरजानी हसला. त्याच्याकडे म्हैस नव्हती, पण उत्तर आवडलं.

मग उन्हाळाभर काम चाललं. वजदी दर शनिवारी पगारातले पैसे आणून द्यायचा, खमैस सोमवारी त्याचं फायबर सांधायचं रेझिन आणि काचेची जाळी आणायचा. वरचा जुना रंग खरवडताना काचेची कुसळं अंगभर घुसायची. रात्रभर खाजवत बसायचं आणि सकाळी तोंडाला ओलं फडकं बांधून पुन्हा सुरू. एकदा भर उन्हात रेझिन घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं आणि डब्यातलं रेझिन धूर सोडत दगड झालं. तो डबा म्हणजे वजदीचे तीन दिवस. खमैस तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. नंतर बायकोला, सालहाला म्हणाला, वासानं डोळे चुरचुरतात. मोटर ज्या पाठीच्या फळीवर बसते ती कुजली होती, तिथे त्यानं स्वतःच्या घराचं दार उतरवून बसवलं आणि दाराला गोधडी टांगली. मोटर मात्र जुनी असूनही होडीच्या तिप्पट किमतीची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं.

तळ कापला तेव्हा खरी गोष्ट कळली. आत पिवळा फोम भरलेला, होडी उलटली तरी तरंगावी म्हणून. वीस वर्षं पाणी पिऊन तो सगळा भिजल्या भाकरीसारखा झाला होता. आठ दिवस खरवडून खमैसनं तो बाहेर काढला. नवा भरायचा तर त्याची किंमत ऐकूनच तो दुकानातून परत फिरला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

उपाय सालहानं काढला. "रिकाम्या बाटल्या भर," ती म्हणाली. "पाण्याच्या, सरबताच्या. हवाच भरायची ना? बाटलीत हवाच असते."

"होडी आहे ती, भंगारवाल्याचं पोतं नाही."

"होडी माझ्या पोराची आहे. तू गप भर."

गावात ऑगस्टमध्ये जत्रा झाली. सालहा रोज सकाळी पोतं घेऊन निघायची आणि बाकांखालच्या बाटल्या वेचायची. शेजारणी हसल्या. ती म्हणाली, हसा, दात आहेत तोवर हसा. तिनं तीनशे बाटल्या गोळा केल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या, बुचं घट्ट लावली. वरून पीराच्या दर्ग्यावरच्या मेणबत्त्यांची उरलेली थोटकं वितळवून प्रत्येक बुचावर हिरवं मेण ओतलं. हवाही जाणार नाही आणि पीराची नजरही राहील, एका मेणात दोन कामं. सहा पोती तिनं किनाऱ्यावरच्या झोपडीत आणून ठेवली.

खमैसनं बाटल्या भरूनही पाहिल्या. पण त्या भरल्या की वरची फळी दोन बोटं उचलली जायची. फळी नीट बसवायची तर पुन्हा कापा, पुन्हा सांधा, म्हणजे रेझिनचा आणखी एक डबा, म्हणजे वजदीचे आणखी तीन दिवस. त्यात फरजानी डोकावून गेला. "काका, लाटेवर ही होडी खुळखुळ्यासारखी वाजेल. मासे नाचायला लागतील!" दोन दिवस दुकानात हाच विनोद चालला. खमैसला तो लागला. आणि शेवटी मनातलं जुनं मन बोललंच, की ही होडी जाणार कुठे? वाळूपट्टीवर. तिथे पाणी किती? मांडीपर्यंत. बुडाली तर वजदी उतरून तिला कान धरून घरी आणेल.

बुधवारी त्यानं बाटल्या काढून पुन्हा पोत्यांत भरल्या, होडीच्या रिकाम्या पोटावर फळी ठोकली, काचेची जाळी अंथरून रेझिन फिरवलं. वर निळा रंग दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सालहाला काही सांगितलं नाही. उगाच तिच्या तोंडी कशाला लागा?

सप्टेंबर संपता संपता होडी पाण्यात उतरली. सालहानं शकुनासाठी होडीच्या काठावर अंडं फोडलं, मीठ उधळलं. फरजानी आणि त्याचा धाकटा भाऊ निझार ढकलायला आले होते. वजदीनं टाचेनं तळ ठोकून पाहिला.

"बा, आईच्या बाटल्या घातल्यास ना?"

सालहा शेजारीच उभी होती. "तुझ्या आईचं ऐकलं नाही तर मला या गावात जेवायला कोण घालेल?" खमैस म्हणाला. सगळे हसले.

"आणि बाहेरच्या पाण्यात टिकेल?"

चार महिन्यांची मेहनत, निळा रंग, चार माणसं बघतायत. खमैसची छाती फुगली. "अरे, पार इटलीच्या लाम्पेदुसा बेटापर्यंत ने! पायाचा अंगठा भिजला तर मला बाप म्हणू नकोस."

पुन्हा सगळे हसले. वजदी आणि निझार हसले नाहीत. हे खमैसला नंतर आठवलं, तेव्हा मात्र तो मोटरचा आवाज ऐकत होता.

दोन आठवडे त्याच्या आयुष्यातले सर्वात सुखाचे. वजदीनं सफाक्सचं काम सोडलं. बापलेक पहाटे वाळूपट्टीवर जायचे आणि उन्हं तापायच्या आत जिवंत मासळी घेऊन परत यायचे. ऑक्टोपस पकडायची मडकी पाण्यात सोडायचे दिवस आले. दोरांना तरंगती खूण लागते, म्हणून खमैसनं झोपडीतल्या त्या बाटल्याच बांधल्या. फुकट कशाला जातील? पोराच्या नजरेस पडू नयेत म्हणून मडक्यांकडे तो एकटाच शिडाच्या होडीनं जायचा. हिरवं मेण खरवडून टाकायचा. काहींवर राहून गेलं असेल.

मग एका सकाळी धक्क्यावर निळी होडी नव्हती. वजदीच्या उशीखाली चिठ्ठी सापडली, 'बा, पोचल्यावर फोन करतो. होडी तूच बांधलीस म्हणून जातोय. दुसऱ्या कुणाच्या होडीत बसलो नसतो.' निझारही गेला होता, आणखी तिघं गेले होते.

खमैसनं चिठ्ठी दोनदा वाचली. वाळूपट्टीच्या पुढे पाण्याला तळ नाही. धक्क्यावरच्या तटरक्षकांच्या चौकीत जाऊन त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, दोन दिवस शोधलं, काही मिळालं नाही म्हणाले. सालहा मात्र आधी रडली आणि मग सावरली. निझारची म्हातारी आई मबरूका ऊर बडवत आली, तेव्हा सालहानं तिचे हात धरले. "गप गं मावशे. ती होडी बुडायची नाही. पोटात तीनशे बाटल्या आहेत, मी माझ्या हातानं बुचं लावलीत. उलटली तरी धरून तरंगतील पोरं." मबरूका त्या शब्दाला धरून घरी गेली. मग रोज यायची आणि रोज तेच ऐकून जायची. इतरांच्या आयाही यायला लागल्या. दाराच्या जागी टांगलेल्या गोधडीमागे बसून खमैस हे ऐकायचा.

सहाव्या दिवशी फरजानीनं त्याला दुकानात कोपऱ्यात घेतलं. आता थट्टा नव्हती.

"काका, खरं सांगा. मी खुळखुळा म्हणालो होतो. तरी घातल्यात ना हो बाटल्या?"

खमैसनं त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

"घातल्यात," तो म्हणाला.

"गच्च?"

"गच्च."

फरजानीनं त्याचा हात घेऊन डोळ्यांना लावला. त्या दिवशी कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

दहाव्या दिवशी वादळ झालं. रात्रभर पत्रे वाजत होते. अकराव्या दिवशी सकाळी खमैस किनाऱ्याकडे निघाला तर सालहा वाळूत गुडघ्यांवर बसलेली. तिच्या मांडीवर एक बाटली होती. बुचावर हिरवं मेण.

"फुटली," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "होडी फुटली, खमैस. पोटातली बाटली बाहेर आली. माझा वजदी गेला."

खमैस तिच्याजवळ बसला. वादळानं त्याच्या मडक्यांचे दोर तोडले होते, एवढंच झालं होतं. बुचाखाली त्याच्याच हातची गाठ अजून होती. एका शब्दात तो तिचं हे मरण परत फिरवू शकत होता. पण त्याच शब्दानं तिच्या हातातलं बाकी सगळं जाणार होतं. गप्प बसावं असं त्याला फार वाटलं. पण ती वाळूत कपाळ आपटायला लागली, आणि ते त्याला बघवेना.

"फुटली नाही," तो म्हणाला. "ती होडीतली नाही, सालहा. मडक्यांच्या दोराची आहे. गाठ बघ."

तिनं गाठ पाहिली. चाळीस वर्षं ती त्याच्या गाठी सोडत आली होती. क्षणभर तिचा चेहरा उजळला. खमैसला तो उजळलेला चेहरा पुढे कधीच विसरता आला नाही. कारण लगेच तिनं विचारलं, "मग होडीत किती आहेत?"

खमैस गाठीवरची वाळू बोटानं काढत राहिला.

"खमैस, पोटात काय आहे तिच्या?"

"काही नाही."

"एकही नाही?"

"फळी बसत नव्हती. मला वाटलं, वाळूपट्टीपर्यंतच तर जाणार."

ती ओरडेल, मारेल, असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती समुद्राकडे बघत राहिली. पाणी अगदी शांत होतं. लांबवर कुणीतरी घोट्याएवढ्या पाण्यात चालत होतं.

मागून हाका आल्या. मबरूका वाळूतून धडपडत येत होती, मागे आणखी दोघी. "सालहा! काय सापडलं गं? कुणी तरी म्हणालं, काही वाहून आलंय. सालहा!"

सालहानं बाटली शालीच्या आत घेतली आणि पोटाशी धरली. मग उठली. गुडघ्यांवरची वाळू झाडली आणि म्हातारीला सामोरी गेली.

"काही नाही गं मावशे," ती म्हणाली. "असाच कचरा. तू कशाला पळत आलीस एवढी? सांगितलं ना तुला, पोटात तीनशे बाटल्या आहेत."

मबरूका तिच्या खांद्याला धरून दम घेत उभी राहिली. "घट्ट लावलीस ना गं बुचं?"

"घट्ट लावलीत," सालहा म्हणाली.