सिप्रियनच्या हातची अक्षरं

रिक्षातून कुठेही निघालं की जयवंतराव माणसांपेक्षा पाट्याच जास्त बघत. नालासोपाऱ्यातले चकचकीत फ्लेक्स त्यांना एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटत. निर्मळ गाव सोडून कळंबच्या रस्त्याला लागलं, की भिंतींवर ब्रशने रंगवलेली जुनी नावं दिसू लागत. कुठलं अक्षर कुणाच्या हातचं, हे ते मनाशीच ओळखत. मोठ्याने बोलायचा संकोच. आपलं चुकलं तर?

सिप्रियन पेंटरच्या बाबतीत मात्र चूक होत नसे. त्याची उभी रेघ खाली येताना बैलाच्या खुरासारखी पसरे. शिवाय त्याची एक रीत होती. नाव लिहून झालं तरी वरची आडवी रेघ तो ओढत नसे. ज्याचं नाव, त्याने समोर उभं राहून बघायचं, मगच रेघ. "आता पुरं झालं," म्हणायचा, आणि पुन्हा त्या नावाला ब्रश लावायचा नाही.

सिप्रियन वारला त्याला दोन वर्षं होत आली होती. यंदा गणपतीनंतर वळणावरच्या बंद बर्फ कारखान्याच्या भिंतीवर एक नाव उमटलं. रिचर्ड. निळं, वरच्या रेघेशिवाय. रिचर्ड सायकलवाला ते हसत हसत बघून आला. सकाळी रेघ ओढलेली होती आणि रिचर्ड अंथरुणातून उठलाच नव्हता. मग सालोमी. भाजीची टोपली डोक्यावर घेऊनच ती भिंतीसमोर थांबली होती म्हणे. तिचंही तसंच झालं. गावाने योगायोग म्हटलं आणि भिंतीला चुना मारला. जयवंतरावांना दोन्ही नावांत तो खूर दिसला होता. पण हे सांगणार कुणाला, आणि कसं?

रविवारी दुपारी ते आणि त्यांची बायको आशालताबाई कळंबला भाची रेवाकडे जेवायला निघाले. वळणावर सॅमीने रिक्षा हळू केली.

"काकू, महापालिकेला उभ्या राहताय काय? भिंतीवर नाव आलंय तुमचं! रंग पण ओला दिसतोय."

जयवंतरावांनी सॅमीचा खांदा धरला. "पुढे घे, सॅमी."

"थांब रे! बघू तर दे."

सॅमी थांबला. काकूंचा शब्द तो कधी मोडत नसे. आशालताबाई पदर सावरेपर्यंत जयवंतरावांनी बाहेर उडी टाकली, धावत भिंत गाठली आणि हात पसरून तिला पाठ लावून उभे राहिले. आख्खं नाव त्यांच्या पाठीमागे गेलं.

"अहो, सदरा! ह्या वयात काय हा पोरकटपणा?"

"उतरू नकोस."

"माझं नाव, आणि मीच बघायचं नाही?"

"नाही!"

एवढा मोठा आवाज त्यांनी स्वतःचाही कधी ऐकला नव्हता. आशालताबाईंचा एक पाय रिक्षाबाहेर तसाच राहिला.

आणि त्यांच्या उजव्या खांद्यामागे काहीतरी गार टेकलं. ओल्या केसांचं, रुंद. ते मानेकडे सरकू लागलं, रेघ ओढावी तसं, घाई न करता, जराही न थरथरता.

"तू पुढे जा," ते हळू म्हणाले. "रेवा जेवायची थांबली असेल. सॅमी, ने काकूंना. आणि तिला मागे बघू देऊ नकोस."

सॅमीने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रिक्षा चालू केली. आशालताबाई त्याला ओरडत होत्या. तो आवाज केळीच्या बागांपलीकडे जाईपर्यंत जयवंतराव ऐकत राहिले.

मानेवर येऊन ते गार काहीतरी थांबलं. बाजूला कुणीतरी डब्याच्या काठावर ब्रश निथळवल्यासारखं वाजलं.

जयवंतरावांनी पाठ भिंतीवर आणखी दाबून धरली.