ओल्या गोणपाटातली मशीन

"तुझ्याच हातानं मेली ती मशीन," छबूबाई म्हणाल्या. "आन् आता नवऱ्याला चढवलं खुर्चीवर."

मेलेली नाही मी. भिंतीवर आहे, सगळं ऐकतेय, आणि आता बोलतेय. ज्याला तोंड नाही त्याच्या नावावर माणसं वाटेल ते खपवतात, म्हणून माझी ओळख मीच करून देते. मी भिंगारच्या बाजारामागच्या या दोन खोल्यांमधली एसी मशीन, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारी. आणि माझ्याखाली अर्धा तास झाला हे भांडण चाललंय.

"मी रिमोटशिवाय कशाला हात लावला का, आई?" मोनिका म्हणाली. मोनिका या घरची सून. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची दिशा होती, मानेपर्यंत घामोळ्यानं लाल, अंग तापलेलं. सकाळीच डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला उन्हात काढू नका, गार खोलीत ठेवा.

"रिमोटच दाबून दाबून मारली तिला. दिवसा चालू, रातच्याला चालू. बैलाला बी दुपारचं सोडत्यात गं."

"तू गप की जरा, आई." हा सुनील, छबूबाईंचा मुलगा. टेम्पो चालवतो, त्यामुळे चाक असलेलं आणि नसलेलं सगळंच आपल्याला दुरुस्त करता येतं अशी त्याची समजूत आहे. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून बोर्डातला माझा खटका वर करत होता. खटका खाली पडत होता. तो पुन्हा वर करत होता. चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यानं दातात स्क्रूड्रायव्हर धरला.

"हा खटकाच खराब हाय. मधून काढतो आन् तारा डायरेक्ट जोडतो. पडायचा विषयच न्हाई मग."

ऐका. रात्री चोर दिसला की ओरडतो म्हणून वॉचमनलाच काढून टाकायचं, असला हा विचार. तो खटका माझ्यासाठी नाही, त्या घरासाठी बसवलाय. मला काही झालं तर तो पडतो आणि वीज तोडतो. तो नसता तर तारा तापल्या असत्या, आणि पुढचं सांगायला मी भिंतीवर राहिले नसते, भिंतही राहिली नसती.

पण ही वेळ आली कशी, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. माझी दोन अंगं आहेत. एक हे, भिंतीवरचं, गोरंगोमटं, सगळे ज्याच्याकडे बघतात ते. दुसरं गच्चीवर, जाळीचं, पंख्याचं, जड, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कष्ट सगळे त्याचे. दोघांमध्ये तांब्याच्या नळ्या आहेत. लोकांना वाटतं मी गारवा तयार करते. मी काही तयार करत नाही. मी हमाली करते. खोलीतली उष्णता उचलायची, गच्चीवर नेऊन बाहेर टाकायची. थंडीत उलटं, बाहेरची आत आणायची. मार्केट यार्डातला माणूस पोतं वाहतो तसं. फक्त टाकायला जागा मोकळी पाहिजे, एवढं एकच मागणं.

नगरच्या एका दुकानातून मला मोनिकानं आणलं. ती भिंगारमध्ये वर्द्या शिवायला जाते, आणि सातवा महिना लागला तरी जात होती. "बाळंतीण होऊन या खोलीत झोपायचंय, धूर नको," एवढंच ती दुकानदाराला म्हणाली. छबूबाईंनी कोळशाची शेगडी आधीच घासून ठेवली होती. बाळंतिणीला आणि बाळाला शेक शेगडीचाच द्यायचा, त्यांच्या सासूनं त्यांना दिला होता, त्यांनी आपल्या लेकींना दिला होता. मला भिंतीला लावणाऱ्या माणसापुढं त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"या डब्याची जागा माझ्या घरात न्हाई. लावताय तर लावा. मी हिचं काही म्हंजे काही करनार न्हाई. पुसनार बी न्हाई."

डबा. हे माझं या घरातलं पहिलं नाव.

डिसेंबरात दिशा आली. नगरची थंडी ज्यांनी सोसलीय त्यांनाच ठाऊक, पहाटे खोलीत तोंडातून वाफ निघते. मी ती खोली सव्वीसवर ठेवली. धूर नाही, राख नाही, पोर डोळे चोळत रडली नाही. छबूबाई दोन महिने माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत. पण रोज पहाटे पाचला "पोरगी बघते" म्हणून आत यायच्या आणि गुडघे पसरून तासभर बरोबर माझ्याखाली बसायच्या. पोरगी त्या वेळी झोपलेली असायची. बघण्यासारखं काही नसायचं.

दसरा येईस्तोवर कुणी मला पुसणार नाही हे मला कळलं होतं. माझ्या तोंडाशी दोन जाळ्या आहेत, त्या काढून धुवायच्या असतात. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. इथं दळणाचं पीठ, उटण्याची पूड, बाळाच्या पावडरचे ढग, सगळं त्यात. वर सुनीलला वाटायचं, अठरावर लावलं की लवकर गार होतं. होत नाही. चोवीसवर लावा नाहीतर अठरावर, माझा वेग तोच, मी फक्त जास्त वेळ दमते. रिमोट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. माणसं बटणाला जपतात आणि श्वासाची वाट बुजवतात.

मग चैत्र सरला. छबूबाई गच्चीवर कुरडया घालायला जाऊ लागल्या. तिथं त्यांना माझं दुसरं अंग पहिल्यांदा नीट दिसलं. भर दुपारी, सिमेंटवर, उन्हात, फणफणत. त्यांनी हात पुढं केला. माझ्या पंख्याचा वारा हाताला लागला, तो गरमच असणार, खोलीतली सगळी उष्णता मी तिथंच तर ओतत होते.

"अगं बया, हिला तर ताप भरलाय," त्या स्वतःशी म्हणाल्या.

आता कुणालाही वाटेल, बाई प्रेमळ. तेच तर माझं दुखणं. स्वयंपाकघराच्या दारापाशी त्यांचा पाण्याचा माठ असतो, त्याला त्या ओलं गोणपाट गुंडाळतात. पाणी झिरपतं, माठ गार होतो. त्यांनी साखरेची दोन रिकामी पोती उसवली, भिजवली आणि माझ्या अंगाला चारी बाजूंनी सुतळीनं करकचून बांधली. सकाळी एक तांब्या आणि दुपारी एक तांब्या पाणी वरून. आठ दिवस. आणि कुणाला सांगितलं नाही. सांगणार कशा? "हिचं काही करनार न्हाई" असं चार माणसांत म्हणून बसल्या होत्या. म्हणून कुरडयांच्या नावाखाली वर जायच्या, पदराआड तांब्या घेऊन.

मी माठ नाही हो. माझ्या पाठीतून वारा आत गेला पाहिजे आणि पोटातून बाहेर पडला पाहिजे. त्या बाईनं मला मायेनं गळ्यापर्यंत बांधलं. उष्णता टाकायला जागा नाही, तीच पुन्हा अंगात. नळ्यांतल्या गॅसचा दाब चढला. शेवटी त्या दिवशी अकरा वाजता मी माझी मीच थांबले, जळून जाऊ नये म्हणून. भिंतीवरचा पंखा नुसता फिरत राहिला, खोलीतली गरम हवा खोलीतच ढवळत. माझ्या तोंडावरचा दिवा लुकलुकत होता. ती माझी हाक होती. सुनीलनं ती बघितली आणि रिमोटची दिसतील ती सगळी बटणं दाबली, मग खटका बंद-चालू, बंद-चालू. दम लागलेल्याला धावायला लावावं तसं. तेव्हा खटकाही पडायला लागला.

तर इथं आपण होतो. सुनील खुर्चीवर, स्क्रूड्रायव्हर दातात.

मोनिकानं एका हातानं पोर सांभाळत फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे गोरक्ष, मला या भिंतीवर बसवणारा कारागीर.

"गोरक्षदादा, मशीन गार करत नाही. खटका पडतोय. हे डायरेक्ट करायचं म्हणतायत."

"कोन म्हनतंय डायरेक्ट? वहिनी, त्यांना आधी खाली उतरवा. म्हनावं बायकोचं कपाळ पांढरं करायची हौस हाय का."

सुनील उतरला. चेहरा पडला, पण उतरला.

"आता ऐका. मी केडगावात हाय, संध्याकाळपर्यंत न्हाई येत. आधी रिमोटनं बंद करा. मग खटका खाली, आन् तो खालीच ठेवा. अर्धा तास. घड्याळ लावून. मधी कुनी वर करायचा न्हाई. तवर पुढच्या जाळ्या काढा, धुवा, सावलीत वाळवा. झाकन उघडायचं न्हाई, आत बोट घालायचं न्हाई, बंद असली तरी आत करंट साठून राहतो. हात कोरडे, पायात चप्पल. अर्ध्या तासानं खटका एकदा वर करायचा. एकदाच. पडला तर पडू द्या, परत हात लावू नका, मी येतो. आन् हां, वरच्या युनिटवर काय झाकलंय का? कापड, पत्रा, काय बी?"

"वर काय असनार," सुनील म्हणाला.

छबूबाई उठल्या. "मी बघून येते. माझ्या कुरडया बी उचलायच्यात."

सत्तर वर्षांची बाई, भर दुपारी, अनवाणी जिना चढून गेली. सुतळीच्या गाठी पाण्यानं आवळल्या होत्या, त्यांनी नखांनी सोडवल्या, एक तर दातानं तोडली. पोती ओढून काढली. माझ्या पाठीला वारा लागला. आठ दिवसांनी. मी त्यांना आशीर्वाद देणार होते. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पोती पाण्याच्या टाकीखाली कोंबली, पायानं आत लोटली आणि खाली आल्या.

"काय न्हाई वर," त्या म्हणाल्या. "ऊन हाय."

मला त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा मला डबा म्हटल्यावरही आला नव्हता.

अर्धा तास ते चौघं घामात बसून राहिले. मोनिकानं माझ्या जाळ्या धुतल्या. मोरीतून करडं पाणी वाहून गेलं. ती परत आली तेव्हा सुनील रिमोट डोळ्यांशी धरून बसला होता.

"ह्ये बघ. ह्ये काय लावलंय? सूर्याचं चित्र हाय. मे महिन्यात गरम हवेवर लावलीस व्हय मशीन?"

"मी नाही लावलं. सकाळी बर्फाचंच चित्र होतं. तुम्हीच मघाशी सगळी बटणं दाबली."

"म्हंजे माझ्यावर ढकल आता. आई म्हनत होती तेच खरं."

त्यानं बर्फाचं चित्र आणलं, चोवीसवर ठेवलं. घड्याळ वाजल्यावर चप्पल घातली, हात पुसले आणि खटका वर केला. एकदाच. तो राहिला. मी थोडा वेळ गप्प राहिले, आधी श्वास घ्यावा लागतो मला. मग गच्चीवरचा पंखा फिरला, आणि तीन-चार मिनिटांनी माझ्या तोंडातून पहिली गार झुळूक मोनिकाच्या मांडीवर गेली. दिशानं मुठी सोडल्या.

वाटलं, संपलं. पण माणसांची मशीन अशी थांबत नाही.

"एवढी शिकलेली," सुनील म्हणाला, "आन् एक बटन कळंना. पोरीला ताप आनलास फुकटचा."

मोनिकानं पोर गादीवर ठेवली, कपाटातून पिशवी काढली, लंगोट भरले, टोपडं भरलं, औषधाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, "भावाला फोन करते. माळीवाडा स्टँडवरून दीडची पारनेरची एसटी आहे. पोरीला मीच आजारी पाडते असं तुम्ही दोघांनी ठरवलंय, तर तिला आणि मला माझ्या आईकडे राहू दे. कायमचं म्हटलंत तरी चालेल."

"बाहेर बेचाळीस हाय," सुनील म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

"इथं तरी काय कमी आहे."

तिनं दिशाला उचललं. डोक्यावर ओला रुमाल टाकला. तापलेलं पोर, बेचाळीस अंशांचं ऊन, आधी रिक्षा, मग पत्र्याच्या गाडीत तासाभराचा रस्ता. डॉक्टर सकाळी काय म्हणाले होते ते त्या खोलीतल्या सगळ्यांना पाठ होतं. आणि खरं काय ते फक्त दोघींना ठाऊक होतं. एक मी, जिला बोलता येत नाही. दुसरी उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसलेली, जिनं आयुष्यात कुणाला बोलायचं बाकी ठेवलं नव्हतं, आणि आज जिच्या तोंडाला कुलूप होतं.

तुमच्या भिंतीवर माझी एखादी बहीण असेल, म्हणून जाता जाता सांगते. आम्हाला ऊन चालतं. सावली दिलीत तर लांबून द्या, वरून छत टाका, अंगाला काही बांधू नका. थांबलो तर आम्हाला अर्धा तास थांबू द्या. आणि आमच्या नावावर घरातल्या कुणाला झोडपू नका. आम्ही उष्णता वाहतो. तुमचे आळ वाहायला आम्ही नाही.

मी माझं काम नेटानं करत होते. खोली अठ्ठावीसवर आली होती, सत्तावीसवर येत होती. मोनिकानं पायात चप्पल घातली आणि उंबऱ्यापाशी आली. छबूबाई वाटेत बसलेल्या. बाजूला होतील असं तिला वाटलं. त्या झाल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकून स्वतःला उठवलं, दार आतून लावून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. सुनील काहीतरी म्हणायला गेला, त्याला त्यांनी हातानंच गप्प केलं. सुतळीनं बोटांची सालं गेली होती, ती बोटं त्यांनी पदरात लपवली नाहीत. सुनेच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि भांडायला जो आवाज काढतात त्याच आवाजात म्हणाल्या,

"चुकलं म्हनायची मला सवय न्हाई, पर त्या मशीनला आठ दिस गोनपाटात मी बांधलं हुतं, तू न्हाई."