हुंगलेलं फूल

सोमवारी सकाळी अक्काच्या हातांना तगर फुटली आणि माझा बाजाराचा हेलपाटा वाचला.

आमचं घराणं फुलपुडीचं. देवपूजेची फुलं पानात बांधायची आणि लोक आंघोळीला उठायच्या आत प्रत्येकाच्या दाराच्या कडीला पुडी अडकवून यायची, हा आजोबांपासूनचा धंदा. त्या आठवड्यात बाजारात फूल म्हणून येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी झाली होती. त्यामुळे मी अक्काला फारसं काही विचारलं नाही. ती ओट्यापाशी उभी राहून स्वतःचे हात न्याहाळत होती. फुलं पांढरीशुभ्र, देठाशी जराशी कोमट. मी परडी आणली आणि उजव्या हातापासून खुडायला लागलो.

"दुखतंय रे दिगू," ती म्हणाली.

"सोमवार आहे अक्का. शंकराला पांढरी फुलं लागतात," मी म्हणालो.

आई गेल्यावर अक्कानंच मला वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्नही केलं नाही. तिच्याशी कसं बोलायचं ते मला बरोबर ठाऊक आहे.

फूल खुडलं की तेवढं अंग नाहीसं व्हायचं. रक्त नाही, जखम नाही, नुसती रिकामी जागा. मंगळवारी गणपतीची जास्वंद पायांना आली. गुरुवारी दत्ताची पिवळी शेवंती पाठीला आली. शनिवारी मारुतीची रुई आली, तिचा चीक डोळ्यात गेला म्हणून अक्कानं घर डोक्यावर घेतलं. पण वार एकही चुकला नाही. बाजारातले दलाल सर्रास चुकवतात.

डावा हात तेवढा वाचला होता. त्याचं असं झालं, की पहिल्या दिवशी मी उजवा हात खुडत असताना अक्कानं डाव्या मनगटावरची तगर सहज नाकाशी नेली. हुंगलेलं फूल उष्टं होतं, ते देवाला चालत नाही. तिनं श्वास घेतला मात्र, त्या हाताची सगळी फुलं गळून पडली आणि पुन्हा आली नाहीत. तेव्हाच आम्हा दोघांनाही कळलं, की उरलेल्या अंगावरचं एक फूल जरी तिनं हुंगलं, तर सगळं थांबेल आणि ती वाचेल.

म्हणून मी तिच्या नाकावर पंचा बांधला आणि तो डावा हात खाटेच्या पायाला बांधून टाकला. तोंड मोकळं ठेवलं. मी काही कसाई नाही.

नवरात्र लागलं तशी गिऱ्हाइकांची दारं जवळ यायला लागली. आधी स्टेशन रोडची दारं आमच्या गल्लीत आली, मग पेठेतली अंगणात. चौथ्या माळेला सायकल काढायची गरज उरली नाही. नुसती दारं होती, मागं घर नाही. पण कडी वाजवली की आतून माणूस बोलायचं.

"दिगंबर, यंदाची फुलं काय सुरेख आहेत हो," खटावकरकाकू त्यांच्या दाराआडून म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत ऊन राहतात. उद्या जरा जास्त बांधा."

"बांधतो की काकू."

"अक्का बऱ्या आहेत ना?"

"आहेत थोड्या," मी म्हणालो.

खंडेनवमीला अक्काचं डोकं, खांदा आणि तो बांधलेला हात एवढंच राहिलं. तिच्या कानामागून निशिगंधाची एकच दांडी वर आली होती आणि घरभर घमघमाट सुटला होता. दारं खाटेला चिकटून उभी होती. कड्या माझ्या पाठीत रुतत होत्या.

"दिगू, एकदा हुंगू दे रे," अक्का म्हणाली. "मी आजवर तुझ्याकडं काही मागितलंय का?"

खरंच मागितलं नव्हतं. मला रडू कोसळलं. तिच्यावाचून मला या जगात कोणी नाही, हे मला एवढ्या दिवसांत सुचलंच नव्हतं. जळला तो धंदा, असं म्हणून मी पंचा सोडला आणि निशिगंधाची दांडी वाकवून तिच्या नाकाशी नेली.

तिनं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. दारं चिडीचूप झाली.

"येतोय ना वास?" मी विचारलं.

तिनं पुन्हा श्वास घेतला. कपाळावर आठ्या पडल्या. येतोय म्हणाली असती तरी भागलं असतं. पण देवाच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हे मला शिकवणारी तीच.

"नाही रे," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

दाराआडून खटावकरकाकूंचा आवाज आला, "अहो, मग उष्टं कुठं झालं? चालेल की!"

सगळ्या कड्या एकदम वाजायला लागल्या. निशिगंधाच्या कळ्या खालून वर एकेक उमलत गेल्या. अक्का नाक फेंदारून श्वास आत ओढत होती, ओढतच होती, आणि माझी बोटं देठापर्यंत पोचली होती.