काचेखालचं कुंकू

टक्. टक्. टक्.

दुपारच्या सामसुमीत स्टीलच्या चमच्याचा आवाज येत होता. राजवर्धन माझ्या पालथ्या पाठीवर चमचा वाजवत मागून पुढं सरकत होता. सगळीकडं आवाज कसा खणखणीत येत होता. नाकाजवळ आला आणि आवाज बसला. ठप्प. त्यानं पुन्हा वाजवलं. ठप्प. शेजारी उभ्या असलेल्या संयोगितानं, त्याच्या बायकोनं, ओढणीचं टोक मुठीत आवळलं. कारण येत्या वाढदिवसाला त्यांची लेक तेजस्वी माझ्यात बसणार होती. तसं तिला कबूल केलं होतं.

मित्रांनो, मी म्हणजे घरी तयार केलेली एक लाकडी होडी. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती; पुढचं टोक म्हणजे माझं नाक. मला कयाक म्हणतात. एक मोठं माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक लेकरू, एवढीच माझ्यात जागा. माझा जन्म गडमुडशिंगी गावचा, घरामागच्या पत्र्याच्या शेडातला.

मी नक्की कोण, हे मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. लाकूड म्हणावं, तर माझ्या एकेका फळीत तीन झाडांचे पातळ पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले आहेत. त्यातलं कुठलं झाड मी? राजवर्धन फौंड्रीत ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवतो, त्यामुळं त्याचा हात सुबक. त्यानं प्लायवूडच्या पट्ट्या कापल्या, त्यांच्या कडांना भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेनं मला चक्क शिवलं.

"काय रं हे?" त्याची आई अंबूबाई दारातून म्हणाली. "म्हशीला पाणी पाजायला केलंयस व्हय?"

"होडी हाय आई. पाण्यावर जायला."

"पावसाळ्यात घरात गळतंय तेवढं पाणी बास न्हाय व्हय तुला? आणि म्हशीनं शिंग लावलं तर?"

सांधे बुजले, तारा निघाल्या आणि घासून घासून मी रेशमासारखी मऊ झाले. उद्या माझ्यावर काचेच्या धाग्यांचं कापड चढणार होतं. त्या संध्याकाळी भाकरी थापून झाल्यावर संयोगिता एकटीच शेडात आली. तिला पोहता येत नाही. पुराच्या वर्षी शेजारच्या वस्तीत पाणी शिरलेलं तिनं पाहिलं होतं, तेव्हापासून नदीच्या पुलावरूनही ती डोळे मिटूनच जाते. आणि आता नवरा होडी करत होता, लेक त्यात बसायला टपलेली होती. नको म्हणावं तर दोघांचे चेहरे उतरणार. मग तिनं तेच केलं, जे या घरात नवी मोटरसायकल आल्यावर होतं, नवं जातं आल्यावर होतं. नुसतं कुंकू पुसून जाईल म्हणून तिनं ते तेलात कालवलं आणि माझ्या नाकावर जपून स्वस्तिक काढलं. मग तळहात टेकवून कुजबुजली, "माझ्या पोरीला सांभाळ बाई."

मला कुणी बाई म्हटलेलं तेच पहिलं. तेल माझ्यात खोल मुरलं. मला वाटलं, यालाच माया म्हणत असावेत.

सकाळी राजवर्धननं ते पाहिलं. पुसायला फडकं उचललं आणि परत ठेवलं. "राहू दे की. काचेखाली जन्मभर राहील." संयोगिता लाजली. ते कापड पांढरंशुभ्र, विणलेलं. अंबूबाईनं हात लावला आणि दिवसभर खाजवत बसली. ते चिकटवायचं रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर मापात घेऊन कालवायचं असतं. ते मात्र त्यानं चोख केलं, फक्त पहिल्या झटक्यात आंघोळीचा मग भरून कालवलं. थोड्या वेळात तो मग हातात तापला, वाकडा झाला, त्यातून धूर निघायला लागला.

"चूल न पेटवता कढ आला की रं!" म्हातारी पदरानं नाक दाबून हसली.

मग त्यानं थोडं थोडं कालवून घेतलं. रेझिन जिथं जिथं पोचलं तिथं पांढरं कापड दिसेनासं झालं. मला वाटलं, मला झाकलं. पण मी तर उलट जास्तच उघडी पडले! लाकडाची रेघ न् रेघ उजळली. आणि नाकावर लालभडक स्वस्तिक, काचेत ठेवल्यासारखं. बघायला येणारा प्रत्येक जण आधी तिथं बोट ठेवायचा.

कौतुक चार दिवस टिकलं. पुढं फौंड्रीत कामाचा रेटा वाढला आणि मी शेडात पालथीच राहिले. माझ्या पाठीवर शेंगा वाळत पडल्या, कोंबडीनं खाली अंडी घातली. पाण्यासाठी केलेली मी, पाऊस पत्र्यावर ऐकत कोरडी पडून होते. विसरले गेले की जपून ठेवले गेले, हेही मला सांगता आलं नसतं.

शेवटी काल त्यांनी मला एका शेततळ्यात सोडलं. राजवर्धन तरंगायचं जॅकेट घालून एकटाच बसला. संयोगिता काठावर लेकीचा हात धरून उभी. मी तरंगले, मित्रांनो! पण पाण्यावर असूनही पाणी माझ्या लाकडाला शिवत नव्हतं, मध्ये काच होती. मग नाकाशी काचेतल्या बारीक फटीतून गार काहीतरी आत शिरलं. तेवढ्याच जागी मला पाणी भेटलं. मला बरं वाटलं. ते वाईट आहे हे मला कुठं ठाऊक होतं?

घरी आणल्यावर स्वस्तिकाभोवती काळपट डाग दिसला. म्हणून आज हा चमचा; कापड सुटलं असेल तिथं आवाज बसतो.

राजवर्धननं डागाजवळ पात्यानं काप देऊन कापडाची कड उचलली. दुधावरची साय निघावी तसं कापड अलगद निघून आलं, नेमकं स्वस्तिकाएवढंच. त्याच्या बाहेर पातं रेटूनही हलेना.

"तेल," तो म्हणाला. "तेलावर रेझिन धरलंच न्हाय."

संयोगिताचा चेहरा पांढरा पडला. "मी तर जपायला लावलं होतं, अहो."

"राहू दे म्हणणारा मीच की. एवढं खरवडायचं, मुरलेलं तेल जाईस्तोवर घासायचं, वाळवून नवीन कापड लावायचं."

"कुंकू खरवडणार?" अंबूबाई पुढं आली. "हात लावू नगंस. देवाचं हाय ते."

"मग पोरीला ह्यात बसवायचं न्हाय," राजवर्धन तुटकपणे म्हणाला.

 मग संयोगितानंच त्याच्या हातातला पॉलिश पेपर घेतला. "आत्ती, मी काढलं होतं. मीच पुसते," ती सासूला म्हणाली आणि घासायला लागली. अंबूबाई तोंड फिरवून आत गेली. लाल भुकटी संयोगिताच्या बोटांवर, मनगटावर, ओढणीवर उडत होती.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारखीनं सांगायचं असतं, की वस्तूंना जपा. मीही सांगते, जपा. पण कसं जपा, ते मला विचारू नका. जिनं जपलं तिच्याच बोटाखाली मी उसवले, आणि आता ती मला खरवडते आहे तेही जपण्यासाठीच.

तेजस्वी उकिडवी बसून बघत होती. सकाळीच आईनं तिला न्हाऊ घालून टाळूवर तेल चोपडलं होतं, कपाळाला कुंकू लावलं होतं. तिनं कपाळ चाचपून पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मला पण तू लावतीस की. मग त्यानं माझं काय होतं गं?"

संयोगिताचा हात थांबला. तिनं लाल झालेली बोटं ओढणीला पुसली. तेजस्वी बोट कपाळावरच ठेवून तिच्याकडं बघत राहिली.