अनुदार उद्गार

सन १९७३. त्या वर्षी माझं वय सत्तावीस होतं, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं आणि डोक्यात हवा होती.

मी पोलीस ठाण्यात लेखनिक होते. बायका तक्रार घेऊन यायच्या आणि समोर मिशांची रांग दिसली की दारातूनच परत फिरायच्या. म्हणून मोठ्या साहेबांनी जिन्याखाली एक टेबल टाकलं, त्यावर एक जाड वही ठेवली आणि मला तिथे बसवलं. "बायकांनी बोलायचं, तुम्ही लिहायचं, मी वाचायचं," साहेब म्हणाले. "फक्त लांबण नको." जिन्याखाली जागा इतकी बेताची की उठताना डोकं आपटायचं. पहिल्या महिन्यात तीन टेंगळं आली. तरी मी स्वतःला सबंध स्त्रीजातीची तारणहार समजत होते.

मी शिक्षकाची मुलगी, शाळेत निबंधाला पहिली. आमच्या घरात 'मूर्ख' हा शब्दसुद्धा दार लावून वापरायचे. येणाऱ्या बायका जे बोलत ते जसंच्या तसं कागदावर उतरवणं मला जमणारच नव्हतं. त्या रडत, मध्येच शिव्या देत, मध्येच शेजारणीचं काहीतरी काढत. मी पेन्सिलीने टिपून घ्यायची. मग कोऱ्या पानाच्या तळाशी सही नाहीतर अंगठा घ्यायची, बिचारीला ताटकळत कशाला ठेवा म्हणून. ती गेली की निवांतपणे शाईने त्या पानावर शुद्ध प्रत उतरवायची आणि पेन्सिलीचा कागद फाडून टाकायची. ही पद्धत माझीच, आणि मला तिचा फार अभिमान होता.

एकीच्या नवऱ्याने तापलेला तवा फेकून मारला होता. मी लिहिलं, 'पतीने स्वयंपाकाच्या भांड्याचा अयोग्य वापर केला.' आमचे हवालदार, ज्यांना सगळे भोंगा म्हणत कारण ते कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जायचं, ते पान वाचून म्हणाले, "बाई, हे वाचून मला तव्याचीच दया आली." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. साहेब मात्र खूश. "तुमची वही वाचली की कसं सगळं आलबेल वाटतं," ते म्हणाले. मी ते कौतुक घरी जाऊन सासूबाईंना दोनदा ऐकवलं.

एका सोमवारी दुपारी काजवाली आली. शर्ट शिवण्याच्या कारखान्यात ती काजं करायची. चोवीसेक वर्षांची, बारीक चणीची, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. तिची धाकटी बहीणही तिथेच बटणं लावायची. तिथला मुकादम चार महिने हिच्या मागे लागला होता.

"बाई, तुम्ही नक्की लिहिताय ना?"

"लिहितेच आहे की."

"नाही, नुसती मान डोलावताय म्हणून विचारलं."

मग शनिवारी सुटताना मुकादम काय म्हणाला ते तिने सांगितलं. माझे कान तापले. "अगं, असले शब्द तोंडाने उच्चारू नयेत," मी म्हणाले.

"मी कुठे उच्चारते? तो उच्चारतो."

तिने कोऱ्या पानाखाली सही केली, "घरी जायला तोच गोदामामागचा रस्ता आहे, तेवढं लवकर बघा," म्हणाली आणि गेली. मी शाईने लिहिलं, 'सदर इसमाने अर्जदार महिलेच्या वेशभूषेविषयी व तिच्या भगिनीविषयी अनुदार उद्गार काढले.' 'अनुदार' सुचला तेव्हा मी स्वतःशीच हसलेसुद्धा. फार दिवसांत इतका नेमका शब्द सापडला नव्हता.

साहेबांनी पान वाचलं, मुकादमाला बोलावलं, "उद्गार जरा जपून काढत जा," अशी समज दिली आणि दहा मिनिटांत सोडून दिलं. गुरुवारी त्याने गोदामामागे काजवालीला गाठलं आणि मनगट मोडेपर्यंत तिचा हात पिळला. ओरडा ऐकून बायका धावल्या, पण त्या पोचल्या तेव्हा ती जमिनीवर होती आणि तो दहा पावलं लांब उभा होता.

शुक्रवारी ती प्लास्टर घालून आली. धाकटी बरोबर होती.

"माझं पान वाचून दाखवा," काजवाली म्हणाली.

मी वाचून दाखवलं. त्या वहीतलं पान कुणाला वाचून दाखवण्याची ती माझी पहिलीच वेळ.

"अनुदार म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे... मोठ्या मनाचे नसलेले."

"तो मला उचलून नेणार म्हणाला, आणि तुम्ही लिहिलंत त्याचं मन छोटं आहे?"

काजवाली माझ्या पेनाकडे बघत होती. हाड मोडलं मुकादमाने, पण तिथपर्यंतची वाट त्याला माझ्या सुवाच्य अक्षराने मोकळी करून दिली, हे मला तेव्हा कळलं. जिन्याखाली डोकं आपटून जी अक्कल आली नव्हती ती अशी आली.

खटला उभा राहिला. मुकादम म्हणाला, ती पाय घसरून पडली आणि धमकीची गोष्ट आता रचतेय, पहिल्या तक्रारीत धमकीचा शब्द तरी आहे का? नव्हताच. कारखान्याच्या मालकाने दोघी बहिणींना निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका सांगितलं. मुकादम सुटला तर तो परत तिथेच येणार, आणि या दोघी कायमच्या बाहेर.

साक्षीला मलाही बोलावलं. आदल्या दिवशी साहेबांनी दार लोटून घेतलं. "बाई, जे सांगितलं तेच लिहिलं, एवढंच म्हणायचं. नाहीतर त्या वहीचं एकही पान कोर्टात टिकणार नाही. ठाण्याची अब्रू आहे."

"आणि माझी नोकरी?"

"ते तुम्हालाच कळतं."

घरी सासूबाई लसूण सोलत होत्या. मी सगळं सांगितलं.

"खरं बोललीस तर नोकरी जाईल?"

"बहुतेक."

"आणि खोटं बोललीस तर?"

"त्या दोघींची जाईल."

"म्हणजे तू दिवसभर घरात. वर शुद्ध बोलणार." त्यांनी दोन पाकळ्या सोलल्या. "सोसेन मी. जा, बोल खरं."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. मुकादमाच्या वकिलाने वही पुढे केली. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच. पण शब्दही माझेच आहेत. तिचे नाहीत."

वकील हसला. "मग तिचे कोणते होते? पेन्सिलीचा कागद?"

"मी फाडला."

"वा! आणि शब्द?"

"पाठ आहेत." हे खरंच होतं. एकदा ऐकलेलं माझ्या डोक्यातून जात नाही, हे लहानपणापासूनचं. त्या गुणावर मला शाळेत बक्षिसं मिळाली होती.

"मग म्हणा की."

मी घोटभर पाणी प्यायले आणि पुटपुटले. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांना कमी ऐकू यायचं. "मोठ्याने," ते म्हणाले. मी मोठ्याने म्हटलं. "जरा हळूहळू, लिहून घेतोय," खालचा कारकून म्हणाला. तेव्हा मी, निबंधात पहिली आलेली शिक्षकाची मुलगी, भरल्या कोर्टात कविता म्हणतात तशी एकेक शब्द तोडून म्हणाले, "रांडे, गोदामामागून आलीस तर अंगावर चिंधी ठेवणार नाही. तू नाही सापडलीस तर तुझ्या धाकटीला उचलून नेईन."

कुणी हसलं नाही. कारकुनाने लिहून घेतलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून विचारलं, "आणि याचं तुम्ही 'अनुदार उद्गार' केलंत?"

"हो."

"का?"

याचं उत्तर मला पाठ नव्हतं. "मला लाज वाटली," मी म्हणाले. "ती बोलली तिला नाही वाटली. ऐकणारीला वाटली."

वकिलाने मग मला तासभर सोलून काढलं. आठवण इतकी चांगली तर वही कशाला, कोऱ्या पानावर सह्या घेणारीवर विश्वास कसा ठेवायचा, असं बरंच. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण मी तीच दोन वाक्यं चार वेळा, कानामात्रेचा फरक न करता सांगितली. पाचव्यांदा त्याने विचारलं नाही.

मुकादमाला चौदा महिन्यांची सजा झाली. सुटल्यावर तो कुठे गेला ते मला माहीत नाही, आणि मी माहिती काढलीही नाही.

साहेबांची बदली झाली, नंतर बढतीही झाली. निरोपसमारंभात ते माझ्याशी बोलले नाहीत. मला अकरा महिने जप्तीच्या सायकली मोजायला बसवलं होतं. जिन्याखालच्या टेबलावर त्या अकरा महिन्यांत दोन बायका आल्या. मग मला परत बोलावलं. तेव्हापासून मी आधी लिहायची, मग वाचून दाखवायची, आणि सही सगळ्यात शेवटी. माझं अक्षर बिघडलं. भोंगा निवृत्त होईपर्यंत सांगत असे, "आता वाचताना तव्याची नाही, बाईची दया येते." नंतर ते मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले.

जुन्या वहीत एकशे बेचाळीस पानं होती. सुट्टीच्या दिवशी पत्ते शोधत मी हिंडले. एकोणीस जणींनी पुन्हा सांगितलं. काहींनी तोंडावर दार लावलं. बाकीच्या सापडल्याच नाहीत, आणि त्यांच्या नवऱ्यांनी पुढे काय काय केलं ते मला कधीच कळणार नाही.

सासूबाई आणखी अठरा वर्षं जगल्या. कुणी पाहुणा आला की त्याला माझी साक्ष सांगायच्या, आणि त्यातले ते शब्द माझ्यापेक्षा ठणठणीत म्हणायच्या.

धाकटी त्याच कारखान्यात पुढे मुकादमीण झाली. काजवालीचं मनगट नीट बसलं नाही, काजं पुन्हा जमली नाहीत. तिने कापड मोजण्याचं काम घेतलं. रस्त्यात भेटली की ती थांबायची, माझी, मुलांची विचारपूस करायची. तिने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. तिनेही आपणहून कधी सांगितलं नाही.